केळीच्या शेडमधून व्हिडिओ अपलोड: तीन आठवडे वाया गेले, माझा अनुभव

आधीच सांगतो, स्पीड टेस्टच्या आकड्यावर जाऊ नका. माझे तीन आठवडे त्याच आकड्याने खाल्ले.

यावल तालुक्यात आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. गाडी भरतानाचे व्हिडिओ जळगावच्या ऑफिसच्या सर्व्हरवर टाकावे लागतात. गावातल्या टॉवरवरून डिशने नेट घेतलं, कॅमेरे आणि लिनक्सचा छोटा कॉम्प्युटर एका दिवसात बसला. पण फाईल काही जाईना, ४० टक्क्यांवर जाऊन अडकायची नाहीतर तुटून पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीला फोन केला तर राउटर बंद करून चालू करा. केलं. दुसऱ्या दिवशी तेच. माणूस आला, मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवली, "दादा, २० एमबीपीएस येतंय, लाईन ओके आहे" म्हणे, आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत कंप्लेंट सॉल्व्ह झाल्याचा मेसेज! असं तीनदा झालं. मी म्हणायचो अरे भाऊ माझी फाईल जात नाहीये ते बघ, तर तो परत तोच आकडा दाखवायचा. खूप संताप यायचा, कारण तिकडे गाडी खोळंबून ऑफिसचे फोन सुरू.

शेवटी मीच दुपारी वारा सुटल्यावर पिंग लावून बसलो, म्हणजे सारखे छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघणारी कमांड. १०० पैकी ४-५ पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवत होते. सकाळी एकही नाही, आणि माणूस यायचा सकाळी! स्पीड टेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते, म्हणून आकडा चांगला दिसतो. फाईल जाते एकाच कनेक्शनवर. डेटा किती वेगाने पाठवायचा ते ठरवणारी लिनक्सची नेहमीची पद्धत म्हणजे क्युबिक. ते पॅकेट हरवलं की लाईनवर गर्दी झाली असं धरतं आणि वेग साधारण ३० टक्के कमी करतं. इथे गर्दी नव्हतीच, वाऱ्याने डिश हलत होती.

क्युबिकऐवजी लावता येणारी दुसरी पद्धत म्हणजे गुगलने २०१६ मध्ये आणलेलं बीबीआर. लिनक्स ४.९ पासून मिळतं, ते नुसत्या हरवलेल्या पॅकेटवर वेग पाडत नाही, लाईन किती वाहते ते मोजून पाठवतं. मी आधी ते सर्व्हरवर लावलं, काहीच फरक नाही. पाठवणाऱ्या बाजूला लावायचं असतं, म्हणजे अपलोडला आपल्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर. तिथे लावलं आणि त्याच दुपारी पूर्ण फाईल गेली, मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं.

डिशचा पाईप तारांनी ताणून बांधा, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. फाईल आरसिंकने (फाईल पाठवायचा प्रोग्राम) पार्शल ऑप्शन लावून पाठवा, तुटली तरी गेलेला भाग वाया जात नाही. आणि बीबीआरची सेटिंग सिस्टीमच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर लाईट गेली की परत क्युबिक, आणि आमच्याकडे लाईट रोज जाते.