तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र आणि डोंगर, एकाच खेपेत

"ठाण्याहून गाडीने निघायचं, तंबूत राहायचं, समुद्र बघायचा आणि डोंगरही चढायचा. चार दिवस आहेत. कुठे जाऊ?" थंडी पडायला लागली की हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टपासून तलावपाळीपर्यंत कुठेही गाठतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा काशीद आणि लोणावळा अशी जोडी असते. तिच्यात अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो आणि दोन्हीकडे रात्री स्पीकर ऐकावा लागतो तो वेगळाच.

माझं उत्तर ठरलेलं आहे. सावित्री धरा. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तुम्ही उलटे जा, मुखापासून उगमाकडे. मग कुठे वळायचं याचा काथ्याकूट उरत नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्याने पनवेल, पळस्पे, पुढे माणगाव. महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, पहाटे निघा म्हणजे झालं. माणगावहून म्हसळामार्गे हरिहरेश्वर.

इथे तंबूचा प्रश्न येतो, आणि लोक नेमकी पौर्णिमा निवडतात. चांदणं हवं ना! पण भरतीचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे रात्री तुम्ही स्लीपिंग बॅगेत शिरताना, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी तितकं वर येत नाही. वाळूवर काटक्या-शेवाळाची रेघ दिसते तिच्या बरंच वर राहा. त्याहून बरं म्हणजे गावात कुणाची तरी परवानगी काढून वाडीत तंबू ठोका. वाळूत खुंट्या धरतच नाहीत. फक्त नारळाच्या झाडाखाली नको. कारण वर बघितलंत की कळेल. देवळामागची खडकातली प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत, सेल्फीसाठी थांबू नका.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घाला. पलीकडे वेसवी. बाणकोटचा किल्ला चढायला काहीच नाही, पण वरून खाडीचं मुख पूर्ण दिसतं. किल्ल्याचा जांभा नीट बघून ठेवा, तोच दगड महाबळेश्वरच्या पठारावर पुन्हा भेटणार आहे. मग मंडणगड, म्हाप्रळ, महाड. महाडला चवदार तळं आहे. २० मार्च १९२७चा सत्याग्रह इथलाच. थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोलादपूरपासून खरा डोंगर. पायांत दम असेल तर ढवळे गावातून चंद्रगड, आणि तिथून महाबळेश्वरच्या आर्थर सीट पॉइंटवर निघणारी घाटवाट. ती दिवसभराची आहे, दमछाक करणारी आहे आणि गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय तिच्यात शिरू नये. वाटेत आग्या मोहोळ असतं, तेव्हा अत्तर, डिओ, शेकोटी बंद. गाडी महाबळेश्वरला कुणीतरी आणून ठेवावी लागते. माझ्या मते या ट्रिपमधली सगळ्यात कठीण गोष्ट तीच, कारण सोबतच्या प्रत्येकाला चढायचंच असतं.

ते जमणार नसेल तर आंबेनळी घाटाने प्रतापगड. किल्ल्यावर तंबू लावायचा हट्ट धरू नका आणि जंगलात वनखात्याला न विचारता तर अजिबात नको. भातकापणी झालेली शेतं मोकळी आणि सपाट असतात. शेतमालकाला विचारा, पैसे द्या, त्याच्याच घरी पिठलं-भाकरी सांगा. किनाऱ्यावर खाऱ्या दमटपणाने चिकट झालेला तंबू इथल्या कोरड्या वाऱ्यात वाळतो. मी समुद्र आधी ठेवतो तो यासाठीही. रात्री मात्र इथे दोन थर कपडे लागतात.

शेवटी जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर. सावित्री, कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, पाचांचा उगम इथे मानतात. शेजारी निघालेल्या दोघींचं बघा: कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, सावित्री कड्यावरून कोकणात उतरते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्रात. तुम्ही दोन दिवसांपूर्वी उभे होतात तिथेच.

परत येताना पसरणी घाट, वाई, पुणे, एक्सप्रेसवे. आणि हाच प्रश्न जुलैत विचारलात तर उत्तर वेगळं आहे. आंबेनळीत दरडी कोसळतात, समुद्र खवळलेला असतो. तेव्हा घरीच राहा, फार तर येऊरच्या पायथ्याशी भजी खा.