तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कवाड मोजा

जांबोटीला चहाला थांबलो की कुणी ना कुणी गाठतंच. "तुमच्या मामाच्या काजूत ते काय घेऊन फिरूलालाय ओ? आम्ही बी एक घ्यावं म्हणतोय. कामाचं घेऊ का, पोरं उडवतात तसलं?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपवरही याच प्रश्नाचे फोन येतात. परवा किणयेचा एक मित्र तर जाहिरातीचा फोटो घेऊनच आला. म्हणून मामाच्या त्या शेतातल्या चारचाकी गाडीबद्दल एकदाच सविस्तर लिहितो.

हँडल धरून घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, ती एटीव्ही. मामाची गाडी ती नव्हे. या गाडीत दोघं शेजारी-शेजारी बसतात, म्हणून नाव साइड-बाय-साइड. मोटारीसारखं स्टेअरिंग, पायात ॲक्सिलेटर आणि ब्रेक, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागं उलटता येणारा हौदा. कावासाकीनं 1988 मध्ये म्यूल काढली, पोलारिसची रेंजर 1998 ची. दोन्ही कामासाठीच. उड्या मारायचं वेड त्यानंतरचं. मामानं आपली गाडी गोव्यातल्या एका रिसॉर्टकडून जुनी घेतली. कामाची आहे. मजेची मी दुसरीकडे दोन दिवस चालवली आहे, त्यामुळे दोन्हींबद्दल बोलायला हरकत नाही.

दोन्ही एका साच्यातल्या दिसतात, पण स्प्रिंगपाशी वाटा फुटतात. पोलारिसचंच उदाहरण घ्या. मोठ्या रेंजरचा हौदा साधारण साडेचारशे किलो घेतो, म्हणजे पन्नास किलोची भाताची नऊ पोती. त्याच कंपनीची आरझेडआर एक्सपी 1000 ही मजेची गाडी. इंजिन 110 हॉर्सपॉवरचं, पण हौद्यात 136 किलोच टाकायचे. तीन पोतीही धड नाहीत. ताकद कमी म्हणून नव्हे. खड्ड्यात चाक हातभर वर-खाली व्हावं म्हणून स्प्रिंग मऊ ठेवलेली असते, आणि मऊ स्प्रिंगवर ओझं टाकलं की गाडी मागं बसते. उलट, कामाची गाडी रिकामी असताना आमच्या बैलूरच्या वाटेवर पाठीचे मणके मोजून देते. दोन्ही सुखं एका गाडीत मिळतील असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन उठा.

आता पट्ट्याचं सांगतो, कारण तिथं मी स्वतः हात भाजून घेतलाय. यातल्या बहुतेक गाड्यांत मोटारीसारखे गिअर नसतात. स्कूटरसारखा दोन पुल्यांवर फिरणारा रबरी पट्टा असतो, आणि जोडीला हाय आणि लो असे दोन टप्पे. ओझं आणि चढ असेल तर लो, हा नियम. गेल्या मे महिन्यात ओलं शेणखत भरून काजूच्या चढाला लागलो. वळीव येणार म्हणून घाई होती, लिव्हर हायमध्येच राहिली. अर्ध्या चढावर जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं, खालच्या शिवारात कुणीतरी टायर पेटवलाय. मग इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. झाकण खोललं तर आत पट्ट्याच्या दोऱ्यांचा काळा गुंता, भांडी घासायच्या काथ्यासारखा. उद्यमबागेत सांगाल तो शाफ्ट कातून मिळतो. पट्टा नाही मिळत. तो यायला तीन आठवडे लागले, तोवर गाडी फणसाखाली ताडपत्री पांघरून. आता सीटखाली एक जादा पट्टा असतोच. नवा बसवला की पुल्या हवेनं साफ करायच्या आणि सुरुवातीला गाडी दमानं घ्यायची. ओहोळातून जाताना पाणी आत शिरलं की पट्टा सरकतो. अशा वेळी न्यूट्रलला घालून इंजिन थोडं फिरवायचं, पट्टा वाळतो.

होंडाच्या पायोनिअर 1000 मध्ये पट्ट्याऐवजी खरे गिअर आहेत, आणि कुबोटाच्या डिझेल आरटीव्हीत तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक व्यवस्था. वेग बेताचाच, पण उतारावर पाय उचलला की ती गाडी धरून ठेवते. पट्टेवाल्या गाडीत इंजिन ब्रेकिंगची वेगळी सोय नसेल तर वेग उतरल्यावर पट्टा सैल पडतो आणि गाडी मोकळी सुटते. काजूच्या उतारावर, हौद्यात बोंडं भरलेली असताना, हा फरक पोटात कळतो. कामासाठी मला कुणी निवडायला लावलं तर मी डोळे झाकून हायड्रोस्टॅटिक घेईन.

पट्टा जळाला त्या दिवशी आम्हाला वर ओढलं ते शेजारच्या काकांच्या जुन्या महिंद्रा जीपनं. दोर सोडताना काका म्हणाले, "गाडी भारी हाय तुझी. खरं, वढायला आमचीच लागतीय." यातली गंमत काकांना माहीत नव्हती. महिंद्रानं 2018 पासून अमेरिकेत मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी जुळवून विकायला काढली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पत्र्याचं अंग, थेट आपली जीपच. तिकडं ती रस्त्यावरची मोटार म्हणून नव्हे, साइड-बाय-साइडच्या रांगेत विकली गेली. जीपसारखी दिसते म्हणून तिकडं कोर्टकज्जे झाले आणि पुढं तिचं तोंड बदलावं लागलं. म्हणजे ज्यांच्या खोपटात चालू जीप उभी आहे, त्यांच्याकडं अर्धी साइड-बाय-साइड आहेच.

आणि जीपला नंबरप्लेट आहे. हिला नाही. विचारणाऱ्यांपैकी निम्मे इथं गप्प होतात. अशा गाडीची आपल्याकडं आरटीओत मोटार म्हणून नोंद होत नाही, डांबरी रस्त्यावर चाक ठेवता येत नाही. आपल्या खानापूर-बेळगाव भागात वाटण्या होऊन एक तुकडा रस्त्याच्या अलीकडं, दुसरा पलीकडं, असंच बहुतेकांचं. रस्ता ओलांडायलाही ट्रॉलीवर चढवायची असेल तर बैलगाडी काय वाईट? पोलारिसनं स्पोर्ट्समन 570 ही एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन रस्त्यावर आणली, पण ती हँडलवाली. त्याआधी 2015 मध्ये आयशर आणि पोलारिसनं मिळून मल्टिक्स काढली होती. माणसं बसत, सामान मावत, वर तिच्यावर 3 किलोवॅटपर्यंत वीज काढता येई. आपल्या खेड्यांसाठी याहून बरी कल्पना मी पाहिली नाही. पण 2018 मध्ये तो कारखानाच बंद केला.

मजेच्या गाडीबद्दल कमी लिहितोय, कारण आपल्याकडं ती चालवायची कुठं? भीमगड अभयारण्य आहे, बाकीचं रानही वनखात्याचं. तिथं चाक घालायचं नाही, आणि समोर गवा आला तर 110 हॉर्सपॉवरचं काय करणार? राहिलं आपलं शेत. चार एकरांत ॲक्सिलेटर दाबेपर्यंत शेजाऱ्याचा बांध येतो. गोव्याकडून येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट काढायचं असेल तर वेगळा हिशेब.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. लावणीच्या बायकांना हौद्यात बसवून न्यायचं नाही. एका खेपेला दहा जणी जातात, दिसायला सोयीचं दिसतं. पण गाडी मुळात उंच, त्यात माणसं हौद्यात बसली की भार आणखी वर चढतो, आणि पिंजरा पुढच्या दोघांपुरताच. यामाहाच्या ऱ्हायनो या गाडीचे उलटून इतके अपघात झाले, माणसं दगावली, की 2009 मध्ये अमेरिकेत विक्री थांबवून विकलेल्या गाड्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. उलटताना माणूस सहज हात-पाय बाहेर टाकतो आणि गाडी त्यावरच पडते. म्हणून सीटचा पट्टा बांधायचा, दाराची जाळी लावायची. मामा दोन्ही करत नाही. मी असलो की करतो.

मग मामानं का घेतली? त्याच्या गुडघ्यांमुळं. काजूची बाग चढावर, सगळी एकाच गटात, मधे रस्ता नाही. सत्तरीतला माणूस सकाळी वरच्या टोकाला जाऊन बोंडं बघून खाली येतो, येताना हौद्यात चारा. तुमचं असं असेल तर घ्या, कामाचीच घ्या. पॉवर टिलरनं भागत असेल तर टिलर घ्या.

आणि पैसे द्यायच्या आधी टेप घेऊन कवाड मोजा. मोठी कामाची गाडी पाच फूट दोन इंचांच्या आसपास रुंद असते. किणयेच्या मित्राला मी हेच सांगून परत पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला: साडेचार फूट. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला फणस. गडगा चुलत्याचा, त्याला हात लावायची सोय नाही. "फणस तोडावा म्हणतोय," म्हणाला. मी विचारलं, लावलाय कुणी? आज्जीनं. आज्जी कुठाय? "हितंच हाय की, ऐकूलालीय."