तुम्ही विचारलंत म्हणून: अंग चोरून

मानसशास्त्र शिकवते म्हटलं की वर्गात काय, लग्नाच्या पंगतीत काय, हा प्रश्न येतोच: "मॅडम, आपल्या लोकांना पर्सनल स्पेस कळतच नाही का हो?"

कळते. चांगलीच कळते.

माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात, ती अंतरं अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये मांडली. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, ओळखीच्यांशी बोलताना सव्वा मीटरपर्यंत. हे आकडे अमेरिकेतल्या मध्यमवर्गाचे आहेत, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. आपण मात्र फूटपट्टी तेवढी उचलली.

त्याच वर्षी नॅन्सी फेलिपे आणि रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञांचा एक मजेदार अभ्यास आला. वाचनालयात बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असताना एकट्या बसलेल्या मुलीला खेटून बसायचं आणि घड्याळ बघायचं. अर्ध्या तासात सुमारे ७० टक्के मुली उठून गेल्या. 'जरा सरकतेस का' म्हणणारी ८० जणींत एकच! वर्गात सांगितलं की मुलं खो-खो हसतात. मग मी विचारते, उठून जायला जागाच नसेल तर?

मी डोंबिवलीहून दादरला जाते. ऐन गर्दीत लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. परवा एक मुलगी माझ्यासमोर अशीच अडकली होती, मधे बोट शिरायला जागा नाही. तिने बॅग पोटाशी घेतली, कोपरं आत ओढली, माझ्या तोंडावर श्वास जाऊ नये म्हणून मान वळवली आणि नजर पंख्याला लावली. बाजूच्या बाकावर तिघींनी चार-चार बोटं सरकून चौथ्या सीटवालीला टेकण्यापुरतं दिलं होतं. तीही अर्धी बाहेरच, पाय पॅसेजमध्ये.

याला आपल्याकडे शब्द आहे: अंग चोरणं. जागा मिळत नाही, तेव्हा आपण स्वतःला लहान करून समोरच्याला ती देतो. सेंटिमीटरमध्ये हे कसं मोजणार?

आणि दुसराही शब्द आहे, अंगचटीला येणं. गाडीच्या हिसक्याने बसलेला धक्का कुठला आणि मुद्दाम दिलेला कुठला, हे कुठल्याही मुलीला त्या क्षणी कळतं. तिला "गर्दीत चालायचंच" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

घाटकोपरला बराच डबा उतरला. ती मुलगी एक पाऊल मागे झाली. मीही झाले. एकमेकींकडे न बघताच.