एकटीने उचलता येईल असा गिटार ॲम्प निवडताना : माझा अनुभव

भावगीते, जुनी चित्रपटगीते आणि अधूनमधून कोळीगीते किंवा लावण्या सादर करणाऱ्या एका मराठी वाद्यवृंदात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. राहायला डोंबिवलीला, तालमी ठाण्याला आणि कार्यक्रम कधी गडकरी रंगायतनला, कधी दादरच्या शिवाजी मंदिरात, कधी विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, अशी माझी फिरती असते. हा सगळा प्रवास लोकलने आणि पुढे रिक्षाने होतो. त्यामुळे नवा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे वर्धक आणि स्पीकरचे खोके, घ्यायचे ठरले तेव्हा पहिली अट आवाजाची नव्हती, वजनाची होती. पाठीवर गिटार, खांद्याला वायरी आणि पेडलची पिशवी आणि एका हातात ॲम्प, एवढे घेऊन मला कुणाच्याही मदतीशिवाय रेल्वेचा पूल चढता-उतरता आला पाहिजे, हे मी आधीच ठरवून टाकले.

‘हलका’ या शब्दाला आकडा दिल्याखेरीज खरेदीत काही अर्थ राहत नाही. म्हणून मी घरातली दहा किलोची तांदळाची पिशवी कापडी थैलीत घालून एका हातात घेतली आणि पाठीवर गिटार अडकवून स्टेशनचा पूल ओलांडून आले. पूल पार झाला, पण घरी येऊन लगेच गिटार हातात घेतली तेव्हा डाव्या हाताची बोटे ताठरली होती आणि तार दाबून स्वर हलवताना करंगळी थरथरत होती. ओझे उजव्या हातात घेऊन पाहिले, तर प्लेक्ट्रमची, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पातीची, पकड ढिली पडली. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर साउंड चेकसाठी बसायला बऱ्याचदा जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात, तेवढ्यात हात पूर्ववत होत नाही. पिशवीतले तांदूळ कमी करत करत मी आठ किलोंपर्यंत आले आणि तीच माझी मर्यादा ठरवली. वादकाने ॲम्पचे वजन पाठीच्या नव्हे, बोटांच्या हिशेबाने मोजावे, असे मला तेव्हापासून वाटते.

या मर्यादेत बहुतेक नावाजलेले ॲम्प बसतच नाहीत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब सुमारे 29 किलोंचा आहे, व्हॉक्सचा एसी 30 तीस किलोंच्या वर जातो, आणि 1975 पासून बनत असलेला रोलँडचा जेसी-120, ज्याचा स्वच्छ आवाज आमच्या प्रकारच्या संगीताला फार शोभतो, तो 28 किलोंचा आहे. हे वजन मुख्यतः तीन गोष्टींचे असते: लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे जाड फेराइट चुंबक आणि प्लायवूडचे खोके. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ॲम्पला तर वीजपुरवठ्यासाठी एक आणि स्पीकरला जोडण्यासाठी दुसरा असे दोन ट्रान्सफॉर्मर लागतात. गेल्या काही वर्षांत हलके ॲम्प आले ते या तिन्हींना पर्याय सापडल्यामुळे. जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो त्या तत्त्वावरचा स्विचिंग वीजपुरवठा आला, फारशी उष्णता न दवडणारे क्लास डी वर्धक आले आणि फेराइटपेक्षा कितीतरी ताकदवान असलेले निओडिमियमचे चुंबक स्पीकरला बसले.

याचे उत्तम उदाहरण फेंडरनेच 2019 मध्ये बाजारात आणले. मूळ डिलक्स रिव्हर्ब 22 वॅटचा आणि सुमारे 19 किलोंचा. त्याच आकाराचा, तसाच दिसणारा टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब मात्र साडेदहा किलोंच्या आत आहे. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही. मूळ ॲम्पची वागणूक डिजिटल पद्धतीने उभी केली आहे आणि मागच्या बाजूच्या खटक्याने ताकद 22 वॅटपासून थेट 0.2 वॅटपर्यंत उतरवता येते. धोबी तलावच्या एका दुकानात मी तो बराच वेळ वाजवला आणि त्याच्या आवाजाबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. पण साडेदहा किलो माझ्या मर्यादेबाहेरचे होते आणि किंमत तर त्याहून बाहेरची. शिवाय 12 इंची स्पीकरचे ते रुंद खोके संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, दाराजवळ उभे राहून पायांशी सांभाळायचे हे मला शक्य वाटले नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना मी तो ॲम्प आजही आवर्जून सुचवते.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने तिथून जुना ॲम्प आणून देण्याची तयारी दाखवली होती. मी नम्रपणे नकार दिला. तिकडच्या बाजारासाठी बनलेला ॲम्प बहुधा 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. तो चालवण्यासाठी वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत न्यायचा म्हटले, तर ॲम्पमध्ये वाचवलेले वजन पिशवीत परत येते.

यानंतरचा प्रश्न वॅटचा होता आणि इथे जाणकार मंडळींकडूनही मला परस्परविरोधी सल्ले मिळाले. काहींनी सांगितले, ढोलक-तबल्यासमोर पन्नास वॅटच्या खाली काही ऐकू येणार नाही. काहींच्या मते पाच वॅट पुरेसे होते. दोन्ही सल्ले आकड्यांवर घासून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची, म्हणजे दसपट वॅटची गरज असते. याचा अर्थ 50 वॅटचा ॲम्प 5 वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठा वाटतो, दसपट नव्हे. शिवाय स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा आवाज काढतो, हा वेगळाच आकडा असतो. तो 3 डेसिबलने चांगला असेल तर तो वॅट दुप्पट केल्यासारखाच आहे. मात्र वॅट निरर्थक आहेत असेही नाही. रॉक वाजवणाऱ्याला ॲम्पचा आवाज थोडा फाटलेला चालतो, किंबहुना हवा असतो; आम्हाला भावगीतातल्या सुरावटीमागे जो पारदर्शक, घंटेसारखा स्वर लागतो तो तार जोरात छेडल्यावरही फाटता कामा नये, आणि त्यासाठी ॲम्पमध्ये ताकद शिल्लक असावी लागते. म्हणून माझ्या कामासाठी मी 25 ते 50 वॅट हा पट्टा धरला. रोलँडचा मायक्रो क्यूब, 3 वॅटचा आणि तीन किलोंच्या आतला, घरच्या रियाजाला मला अतिशय प्रिय आहे, पण ढोलकाची थाप पडली की तो बिचारा गप्प होतो.

निवडीतला सर्वांत मोलाचा भाग दुकानात नव्हे, तालमीच्या खोलीत झाला. ओळखीच्या वादकांकडून एकेक ॲम्प दोन-चार दिवसांसाठी मागून आणायचा आणि तबला, ढोलक, कीबोर्ड, बासरी आणि दोन गायक अशा पूर्ण संचात तो वाजवायचा, असे मी ठरवले. दुकानात एकट्याने वाजवताना जो ॲम्प भरदार, मखमली वाटतो तोच संचात हरवतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले. कारण सोपे आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर साधारण 82 हर्ट्झचा, आणि त्याच परिसरात ढोलकाची धूम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच ठाण मांडून बसलेले असतात. गिटारची ओळख पटते ती मधल्या पट्टीत, साधारण 500 हर्ट्झपासून 3 किलोहर्ट्झपर्यंत. त्यामुळे 8 इंची स्पीकरमध्ये खर्ज कमी पडतो ही जी उणीव सांगितली जाते, ती आमच्या संचात उणीव राहतच नाही. आमच्या ढोलकवाल्या काकांनी एका तालमीत मला बेस पार खाली आणायला लावला आणि म्हणाले, “आता बघ, तुझी गिटारही ऐकू येते आणि माझा ढोलकही मोकळा झाला.” मध्यलयीतले एक गाणे आम्ही दोन्ही प्रकारे वाजवून पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले.

तालमीतच दुसरी गोष्ट लक्षात आली, ती दिशेची. स्पीकरमधून निघणारे तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. ॲम्प जमिनीवर सपाट ठेवला की हा झोत माझ्या घोट्यांवरून निघून समोर बसलेल्या तबलजीच्या कानात शिरतो; मला ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवते, तो वैतागतो आणि गायिकेला तिचा सूर सापडेनासा होतो. ॲम्प मागे कलता ठेवून स्पीकर माझ्या चेहऱ्याकडे वळवला, तर निम्म्याहून कमी आवाजात काम होते. छोटा ॲम्प पुरेल की नाही, याचे उत्तर वॅटइतकेच या कलण्यात आहे. त्यामुळे ज्याचे खोकेच मंचावर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरसारखे तिरके आहे असा ॲम्प माझ्या यादीत वर चढला.

नाट्यगृहातली गरज मात्र तालमीपेक्षा पूर्ण वेगळी असते. तिथे प्रेक्षकांपर्यंत आवाज पोहोचवणे हे सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेचे काम आहे. माझा ॲम्प मला आणि शेजारच्या दोघांना ऐकू आला की त्याचे काम संपले. प्रश्न उरतो, ॲम्पमधला आवाज मिक्सरपर्यंत न्यायचा कसा. एका प्रयोगाआधी साउंडवाले दादा मला म्हणाले, “ताई, लाइन आहे का तुमच्याकडे? ॲम्पला माइक लावायला स्टँडच उरला नाही.” वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात हे नेहमीचेच आहे, कारण गायक, निवेदक, तबला, ढोलक, बासरी यांच्यात माइक आणि स्टँड संपून जातात. म्हणून ॲम्पला लाइन आउट, म्हणजे माइकशिवाय वायरीने थेट मिक्सरला जोडायची जागा, हवाच, ही माझी दुसरी अट झाली. पण नुसते छिद्र आहे एवढ्याने भागत नाही. अनेक छोट्या ॲम्पमध्ये लाइनसाठी आणि हेडफोनसाठी एकच जागा असते आणि तिथे जॅक खोचला की ॲम्पचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. मंचावर त्याचा अर्थ असा, की प्रेक्षकांना गिटार ऐकू येते आणि वाजवणारीला येत नाही. दुसरे असे, की गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा भाग आपोआप गाळतो. स्पीकरच्या या गुणाची नक्कल न करता थेट काढलेली लाइन सभागृहात माशीच्या गुणगुणीसारखी कर्कश लागते. प्रत्येक ॲम्पची माहितीपुस्तिका उघडून या दोन गोष्टी तपासणे मला दुकानातल्या तासाभराच्या वादनापेक्षा अधिक उपयोगाचे ठरले.

ॲम्प सोडूनच द्यावा, प्रोसेसर, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारे छोटे यंत्र, थेट मिक्सरला जोडावा आणि मंचावरच्या मॉनिटरमधून ऐकावे, असाही सल्ला मिळाला. वजनाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. पण आमच्या कार्यक्रमांत मॉनिटर मोजके असतात आणि त्यात गायकांचा आवाज आधी लागतो, ते योग्यही आहे. गिटार ऐकू येण्यासाठी दर गाण्याला साउंडवाल्याकडे हात करण्यापेक्षा माझा आवाज माझ्या हाताशी असणे मला अधिक गरजेचे वाटते.

या सगळ्या चाळणीतून शेवटी रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स उरला आणि मी तो घेतला. तो 7.4 किलोंचा आहे, दोन 8 इंची स्पीकर आणि तीव्र स्वरांचे दोन छोटे ट्वीटर मिळून 50 वॅटचा आहे, खोके तिरके आहे, लाइन आउट वेगळा आहे आणि त्यात वरच्या जेसी-120 च्या स्वच्छ आवाजाची नक्कल करणारी जेसी क्लीन नावाची रचना आहे, जी मी बहुतेक सगळ्या गाण्यांना वापरते. उत्तम व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये बोटांच्या जोराप्रमाणे स्वर जसा उमलतो तसा तो इथे उमलत नाही, हे मी मान्य करते. एकल वादनाच्या तुकड्यात मला तो फरक जाणवतो. संचात मात्र तो पुसला जातो.

त्याचा आणखी एक गुण मला वापरता वापरता कळला. तो आठ पेन्सिल सेलवर चालतो आणि ताकद 10, 25 किंवा 50 वॅट अशी निवडता येते. मधल्या पातळीवर, चार्ज होणारे चांगले सेल घातले की आमचा अडीच-तीन तासांचा कार्यक्रम सहज पार पडतो. गणेशोत्सवातल्या मंडपात, जिथे मंचावरची वीज आणि मिक्सरची वीज दोन वेगळ्या ठिकाणांहून ओढलेली असते आणि अर्थिंगचा भरवसा नसतो, तिथे हे फार उपयोगी पडते. ॲम्पला विजेची जोडणीच नसल्यामुळे त्याला अर्थिंग मिळते ते फक्त लाइनच्या वायरीतून, मिक्सरचे. दोन अर्थिंगांचे वर्तुळ तयार होत नाही आणि ती सततची घरघर उठत नाही. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारी एकेरी वेटोळी, आहेत, त्यामुळे रोषणाईच्या डिमरची भुणभुण हवेतून पिकअपमध्ये शिरते. ती बॅटरीने थांबत नाही. त्यासाठी मी उभी राहण्याची दिशा बदलून पाहते किंवा मधला आणि मागचा पिकअप एकत्र वापरते, कारण माझ्या गिटारमध्ये ते दोन परस्परविरुद्ध गुंडाळलेले आहेत आणि एकमेकांची भुणभुण खोडतात.

सध्या माझी मांडणी अशी आहे. बेस घड्याळाच्या दहावर, ट्रेबल बारावर, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, अगदी थोडा, कारण नाट्यगृहात त्याची भर साउंडवाला घालतोच. ॲम्प माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, चेहऱ्याकडे वळवलेला. लाइन निघते ती सिग्नल मिक्सरसाठी जुळवून देणाऱ्या छोट्या डीआय बॉक्समधून, म्हणजे लांब वायरीतही आवाज मलूल होत नाही आणि प्लगवर चालवायची वेळ आलीच तर बॉक्सवरचा अर्थिंग तोडण्याचा खटका कामी येतो. हा बॉक्स, सेलचा राखीव संच आणि दोन जादा जॅक वायरी धरूनही सगळे ओझे मला उजव्या हातात आणि खांद्यावर पेलते, आणि डावा हात मोकळा राहतो.