तुम्ही विचारलंत म्हणून : ग्राफिक्स कार्ड बदलू का?

"दादा, १६५० आहे, ४०६० घेऊ का?"

एवढंच. प्रोसेसर कुठला, रॅम किती, मॉनिटर कसला, खेळतोस काय, यातलं काही नाही. १६५० आणि ४०६० ही एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची, म्हणजे खेळाचं चित्र काढणाऱ्या कार्डांची, नावं. कधी सोबत खोक्याचा फोटो असतो, म्हणजे कार्ड घरी आलेलं असतं. तिथे उत्तर नको असतं, वर टाकायला अक्षता हव्या असतात. 'आधी आकडे पाठव' म्हटलं की मी भाव खातो असं वाटतं लोकांना. खात नाही. आकडे समोर असूनही एकदा चुकीचं सांगितलंय, म्हणून मागतो. ते पुढे येईलच.

आधी सोपं उरकतो. तुमच्याकडे १०५० टीआय किंवा १०६० असेल आणि 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा 'डूम: द डार्क एजेस' खेळायचं असेल, तर विचारत बसू नका, बदला. या खेळांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारा कार्डातला वेगळा भाग) लागतंच, सेटिंग कितीही खाली आणलं तरी भागत नाही. शिवाय १० मालिकेच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. १६५०-१६६० वाल्यांना ड्रायव्हर मिळतात, पण रे ट्रेसिंगचं हार्डवेअर त्यांच्याही कार्डात नाही. इथे वाद नाही.

वाद बाकीच्यांचा. खेळ चालतो, पण मधेच अडकतो, हे ज्यांचं दुखणं आहे त्यांचा.

आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका, खेळ चालू असताना मशीनचे आकडे स्क्रीनवर दाखवणारी ही सॉफ्टवेअरं. मॉनिटरिंगच्या यादीतून जीपीयू युसेज (कार्डाची चिप किती टक्के कामात आहे), कार्डाची मेमरी, फ्रेमटाइम (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, तयार व्हायला लागणारा वेळ) आणि प्रत्येक सीपीयू थ्रेडचा (प्रोसेसरमधल्या कामाच्या एकेका रांगेचा) युसेज वेगवेगळा स्क्रीनवर आणा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा बंद, बाकी सेटिंग नेहमीचीच. आणि खेळ जिथे अडकतो तिथेच वीस मिनिटं खेळा, मेन्यूवर थांबून फोटो काढू नका. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्डच दमलंय. ६०-७० वर लोळत असेल तर त्याला काम पुरवणारा, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम, मागे पडतोय. खात्री हवी तर रिझोल्यूशन ७२०पी करा, म्हणजे कार्डाचं काम घटतं. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) जागचे हलले नाहीत, तर नवीन कार्डही ते हलवणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, एक रुपया लागत नाही. तरी दहातले नऊ जण करत नाहीत आणि थेट लॅमिंग्टन रोडचा भाव विचारतात.

आता ते प्रकरण.

ताईचा मुलगा. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. खेळ व्हॅलोरंट, नेमबाजीचा. तक्रार अशी की एरवी १६० एफपीएस दिसतात, पण चार-पाच जण एकदम समोर आले, धूर झाला, की ९० च्या खाली येतं आणि नेमका तेव्हाच नेम चुकतो. २०२४ ची सुरुवात होती. तोवर माझं मत पक्कं होतं : खेळाच्या मशीनमध्ये पैसा आधी कार्डात. इतक्या जणांना सांगून झालं होतं की त्यावर पुन्हा विचार करायची सवयच गेली होती.

त्याने आकडे पाठवले होते, हे मुद्दाम लिहितोय. स्क्रीनशॉटच्या डाव्या कोपऱ्यात जीपीयू ६४ टक्के, सीपीयू ४१ टक्के. मी ४१ बघितलं आणि म्हटलं, प्रोसेसर तर निवांत बसलाय, ४०६० घे. ६४ कडे लक्षच गेलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे. गेलं होतं. 'जुनं कार्ड आहे, पूर्ण ताकदीने चालत नसेल' असं काहीतरी स्वतःलाच सांगून मी ते सोडून दिलं. कार्ड जुनं झाल्याने युसेज कमी दिसत नाही. उलट, जुनं कार्ड तर आधी शंभराला टेकतं.

आणि ४१ चा अर्थ 'निवांत' असा होतच नाही. ५६००जीला सहा कोअर आणि बारा थ्रेड. एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा जेमतेम आठ टक्क्यांनी हलतो. ४१ म्हणजे चार-पाच थ्रेड घामाघूम आणि बाकीचे पारावर बसलेले, असंही असू शकतं. टास्क मॅनेजरचा तो एकच मोठा आकडा बघून प्रोसेसरला क्लीन चिट देणारे आजही रोज भेटतात. तेव्हा मी त्यांच्यातलाच होतो.

कार्ड आलं, एकोणतीस हजारांना. सरासरी १६० ची १८५ झाली. धुरात तेच, ९० च्या खाली. ताईचा फोन आला. ती चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. "एकोणतीस हजार घातलेत रे, आणि तो म्हणतो तसंच चालतंय. मी काय समजायचं?"

त्या रात्री त्याची स्क्रीन इकडे घेऊन बघितली. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी : स्पीड २४००, स्लॉट १ ऑफ २. म्हणजे रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, सिंगल चॅनेल (प्रोसेसरकडे जायला एकच रस्ता), आणि ३२०० ची असून २४०० वर धावणारी, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगांत) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगावर चालवणारं सेटिंग, चालूच केलेलं नव्हतं. हिशेब सरळ आहे. २४०० ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते, ३२०० च्या दोन स्टिक ५१.२ जीबी. त्यात ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. कॅश अर्धी, म्हणून हा प्रोसेसर सारखा रॅमच्या दारात उभा, आणि दार अरुंद. नव्या कार्डाचा युसेज त्या धुमश्चक्रीत किती होता? ३८ टक्के.

तशीच दुसरी स्टिक तीन हजारांच्या आत आली. बायोसमध्ये एक्सएमपी लावलं (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). तळाचा आकडा १४० च्या आसपास आला. दुखणं गेलं. जुन्या १६५० वरही बरंचसं गेलं असतं.

माझी बाजू मांडायचीच तर : ४०६० हे १६५० च्या दुपटीहून वेगवान कार्ड आहे, मोठ्या खेळांत त्याला जमीन-अस्मानाचा फरक दिसला, पैसे पाण्यात गेले नाहीत. हे सगळं खरं आहे. पण त्याने मोठ्या खेळांचं विचारलंच नव्हतं.

आणि मोठ्या खेळांतही एक मेख निघालीच. ४०६० पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं. या रस्त्याची ४.० ही पिढी असलेल्या बोर्डावर आठ लेन पुरतात, सेकंदाला सुमारे १६ जीबी. पण ए५२० बोर्ड ३.० चा. बोर्ड बी५५० असता तरी फरक पडला नसता, कारण ५६००जी हा प्रोसेसरच ३.० चा आहे. रायझन ५५०० चंही तेच. त्यामुळे हाती येतात ८ जीबी. कार्डाच्या ८ जीबी मेमरीत सगळं मावतं तोवर कळतही नाही. टेक्श्चर (खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर नेलं, मेमरी भरली, की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि त्या बोळातून ये-जा करतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते, बोळ देतो ८. मग फ्रेमटाइमची सरळ रेघ करवतीच्या दात्यांसारखी होते. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसची ओळ बघा, तिथे कार्डाची क्षमता आणि चालू वेग दोन्ही दिसतात. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून कार्डावर ताण आणा आणि मगच वाचा, नाहीतर रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला १.१ वर उतरलेलं दिसतं आणि तुम्ही मला रात्री अकराला फोन करता.

म्हणून ३.० च्या बोर्डवाल्यांना मी आता म्हणतो की वेगापेक्षा मेमरी बघा. ३०६० चं १२ जीबीचं कार्ड सोळा लेनचं आहे, अशा बोर्डावर ते अडत नाही. यावर कोणीतरी लगेच तक्ता पाठवतो की जिथे ८ जीबी पुरतात तिथे ४०६० पुढे आहे. आहेच. ते ११५ वॉटमध्ये काम करतं, ३०६० ला १७० लागतात, हेही खरं. ५०६० टीआय तर एकाच चिपवर ८ आणि १६ अशा दोन मेमरींत मिळतं, तिथे १६ घ्या हे ठामपणे सांगतो. बाकी ठिकाणी माझं मत अजून हलतं, आणि कोणी 'तुम्ही गेल्या महिन्यात वेगळं म्हणालात' म्हणालं तर म्हणालो असेन.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मात्र हलत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथे १६ अँपिअर असेल तर बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्या बारा व्होल्टवरच जगतात. ४०६० चे ११५, ५६००जीचे ताणात ८८, झाले २०३. पंखे आणि डिस्क अजून मोजलेच नाहीत. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ४० च्या पुढचा आकडा असतो. कमी पडला तर निळी स्क्रीन येत नाही, खेळता खेळता पडदा काळा होतो आणि मशीन आपसूक पुन्हा सुरू होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते. मग लोक कार्ड खराब म्हणून दुकानदाराशी भांडतात.

पिन कमी पडली म्हणून साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर लावू नका. साटाचा प्लग १२ व्होल्टला साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॉट. सहा पिनचा कनेक्टर ७५ मागतो, आठ पिनचा १५०. प्लास्टिक वितळल्याचा वास ओळखीचा झाला की उशीर झालेला असतो. प्रोसेसरची ४+४ पिन आणि कार्डाची ६+२ पिन दिसायला जुळी भावंडं, पण तारांची मांडणी उलटी. आत जात नसेल तर जोर लावू नका. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावायची नाही, एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंही ठरलेलं मानक नाही.

यूपीएस ६०० व्हीए असेल तर तो बहुधा ३६० वॉटचा असतो. डेस्कटॉपवर वीज गेली तर तरून जाल, खेळात गेली तर यूपीएस एकदा किंचाळून झोपेल. आपल्याकडे वीज कधी जाते ते मी सांगायला नको.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी थोडंच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (गणितं सोडवून चलन कमावणं) बंद पडलं आणि ती कार्डं बाजारात आली. मायनिंगचं म्हणून लगेच नाक मुरडू नका, चिप बहुतेक वेळा शाबूत असते, पंख्यांची बेअरिंगं आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे) आधी जातात. पॅड बदलाल तर जाडी मूळचीच घ्या. अर्ध्या मिलिमीटरने जास्त जाड घेतला तर हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि तापमान उलट वाढतं. एएमडीचं आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेडमध्ये शेडर (चिपमधली गणित करणारी छोटी एककं) मोजा : २३०४ हवेत. २०४८ दिसले तर नावाने ५८० आणि गाभ्याने ५७० घेताय, भाव तसा पाडून मागा.

२०२१ मध्ये कार्डांचे भाव डोक्यावरून गेले होते तेव्हा मी सगळ्यांना 'थांबा' सांगत होतो. भाव उतरले आणि मी कॉलर ताठ केली. पण ज्या पोरांना थांबायला सांगितलं त्यांची घरात कोंडून काढायची, खेळायची वर्षं नेमकी तीच होती. दहा हजार वाचले हे खरं. ते सल्ला बरोबर असल्याचं लक्षण होतं का, यावर माझं माझ्याशीच जमत नाही. आणि आता 'कार्ड राहू दे, आधी रॅमची दुसरी स्टिक टाक' हा माझा नवा मंत्र, तर २०२५ च्या अखेरीस रॅमच भडकली. तीन हजारांचं औषध तीन हजारांत मिळेना.

परवा भाच्याचा मेसेज आला. "मामा, बोर्ड तोच ठेवून ५७००एक्स३डी बसेल का?" हा प्रोसेसर बसतो, आधी बायोस अपडेट करून. कॅश ९६ एमबी, व्हॅलोरंटसाठी झकास. बोर्ड मात्र ३.० चाच राहणार. म्हटलं, अडकतं कुठे त्याचा स्क्रीनशॉट पाठव. या वेळी न सांगता सगळे थ्रेड वेगवेगळे दाखवून पाठवला. खेळ मोठा होता, व्हॅलोरंट नव्हता. एकही थ्रेड सत्तरीच्या वर नाही. कार्डाची मेमरी ७.८ जीबी, टेक्श्चर अल्ट्रा.

"प्रोसेसर नको," मी लिहिलं. "टेक्श्चर एक पायरी खाली आण, हाय कर."

"ते नाही करणार मामा."