आतही आपलीच माणसं होती

मी जेरुसलेममध्ये गाइड आहे. मराठी मंडळी आली की दाविदाच्या नगरातलं गिवातीचं उत्खनन मी आवर्जून दाखवतो. त्या दिवशी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मंडळींचा गट होता. इथली भक्कम भिंत, गोफणीच्या शिशाच्या गोळ्या, बाणांची टोकं यांवरून ही सेल्युकिड, म्हणजे सीरियाकडच्या ग्रीक, राजांची आक्रा नावाची गढी असावी, असं उत्खनन करणाऱ्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, हेही मी सांगितलं.

"म्हणजे आत ग्रीक आणि बाहेर आपली माणसं, असंच ना रे?" एका मावशींनी विचारलं.

"मावशी, आतही आपलीच माणसं होती."

त्या बघतच राहिल्या. मग मी पुढचा कार्यक्रम बाजूला ठेवला आणि सगळ्यांना सावलीत बसवलं. हनुक्का, म्हणजे मंदिर पुन्हा शुद्ध झाल्याचा यहुदी सण, म्हटलं की यहुदी विरुद्ध ग्रीक एवढंच सांगितलं जातं, त्याचा मला फार त्रास होतो.

भांडण सुरू झालं ते शहरातल्या बाजारावर देखरेख कोणाची, यावरून. एका बाजूला प्रमुख याजक ओनियस, दुसऱ्या बाजूला मंदिराचा कारभारी सिमोन. सिमोनने थेट राजाच्या सुभेदाराला जाऊन सांगितलं की मंदिराच्या खजिन्यात अमाप पैसा पडून आहे. इ.स.पू. १७५ मध्ये अँटिओकस चौथा हा सेल्युकिड राजा गादीवर आला, तेव्हा ओनियसच्या भावाने, जेसनने, ४४० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी कबूल करून प्रमुख याजकाचं पद मिळवलं. जेरुसलेममध्ये जिम्नॅशियम, म्हणजे ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा, काढण्यासाठी आणखी १५० देऊ केले. पुढे सिमोनचा भाऊ मेनेलॉस जेसनपेक्षा ३०० टॅलेंट जास्त बोलला आणि पद त्याच्याकडे गेलं. त्याने मंदिरातली सोन्याची भांडी विकली. ओनियसने ते उघड केलं, तर त्याचा खून झाला. राजा मेल्याची अफवा उठताच जेसन हजारभर माणसं घेऊन जेरुसलेमवर चालून आला आणि त्याने आपल्याच गावकऱ्यांना कापलं.

शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता यांवर राजाची बंदी आली ती १६७ मध्ये, हे सगळं घडून गेल्यावर. मोदीइन गावात बंड सुरू करणाऱ्या मत्तथ्य याजकाने पहिल्यांदा मारलं तेही राजाज्ञेप्रमाणे बळी द्यायला पुढे झालेल्या एका यहुद्याला. १६४ मध्ये बंडखोरांनी मंदिर शुद्ध केलं. आक्रा मात्र १४१ पर्यंत पडली नाही. राजाच्या बाजूचे यहुदी तिथे आसरा घेऊन होते.

मावशी म्हणाल्या, "आपले पूर्वज ग्रीकांच्या छळामुळे निघाले, आपल्या अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, असं आजी सांगायची. मग ते कोणाच्या बाजूचे?"

ही परंपरा आहे, तिला लेखी पुरावा नाही. पण काही जण सांगतात ते १७५ हे साल धरलं, तर छळाचे हुकूम अजून आठ वर्षं लांब होते. त्या साली चालली होती ती पदाची बोली.

बसमध्ये वाद पेटला. एक काका ओनियसचा पक्ष सोडायला तयार नव्हते. "ज्यांना कुठलीच बाजू नको होती, तेच निघाले असतील," मावशी म्हणाल्या. मला ते फार आवडलं. पण पुरावा नसताना हो म्हणणं मला पटेना, आणि मी त्यांना तसं सांगितलं.