तुम्ही विचारलंत म्हणून: नवव्या इनिंगचा माणूस

"क्रिकेट सोडून हे बेसबॉलचं खूळ कुठून लागलं?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कोजी उएहारा या जपानी पिचरमुळे. (पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर.)

रिलीफ पिचर म्हणजे पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की आणतात तो. त्यातल्या क्लोजरला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायची असते. आपल्याकडचा विसाव्या ओव्हरचा बोलर म्हणा. तीन बळी घ्यायचे की सुटका. पण बिनसलं, तर बाकीच्यांची तीन तासांची मेहनत पाण्यात.

उएहारा मुळात सामना सुरू करणारा पिचर. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास होऊन एक वर्ष वाया गेलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ते विसरू नये म्हणून त्याने पुढे पाठीवर १९ नंबर घेतला. १९९९मध्ये जपानच्या योमिउरी जायंट्स संघाकडून पहिल्याच हंगामात २० विजय, ४ पराभव. अमेरिकेत मात्र तो पोचला २००९मध्ये, चौतिशीत. दुखापतींनी गाठलं आणि वर्षभरात तो रिलीफ पिचर झाला. २०११च्या प्लेऑफमध्ये टेक्सासकडून उतरला, तर लागोपाठ तीन सामन्यांत होमरन खाल्ला, म्हणजे आपल्याकडचा षटकारच. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या संघातून नाव गेलं.

मग २०१३, बोस्टन रेड सॉक्स. वय ३८. संघाचा एक क्लोजर जायबंदी झाला, दुसऱ्याची लय बिघडली, म्हणून जूनमध्ये काम याच्याकडे आलं. वेग ताशी जेमतेम १४३ किलोमीटर. तिथे दीडशेच्या पुढचे बोलर पैशाला पासरी. याचं हत्यार स्प्लिटर. दोन बोटं फाकवून धरलेला चेंडू सरळ येतोय असं वाटतं आणि बॅटपाशी येऊन खाली बसतो. त्या हंगामात त्याने १०१ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं, पण मला भुरळ पडली ती दुसऱ्याच आकड्याची. चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. असे फुकटे त्याने ७४ इनिंगमध्ये फक्त ९ सोडले. मध्यंतरी तर ओळीने ३७ बॅटर बाद केले. (आमच्या गल्लीतल्या बोलरला ओळीने सहा चेंडू वाइड न टाकता जमत नाहीत, मी धरून.)

वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना तर त्याने बॅटरला बाद न करताच संपवला. पहिल्या बेसवरचा धावक जरा पुढे सरकला होता. याने गर्रकन वळून चेंडू तिकडे फेकला. खलास. वर्ल्ड सिरीजचा सामना असा संपल्याची ती पहिलीच वेळ.

त्याआधी डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. नवव्या इनिंगमध्ये दडपण होतं का, असं विचारल्यावर दुभाष्यामार्फत म्हणाला, खरं सांगायचं तर उलटी व्हायचीच बाकी होती. आणि मी समजत होतो, हा माणूस बर्फाचा आहे.

वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना संपत आला, तेव्हा आपल्याकडे ३१ ऑक्टोबरची सकाळ होती. मी एका पायात मोजा घालून लॅपटॉपसमोर उभा. शेवटचा चेंडू बसला, समोरच्या सेंट लुईस संघाच्या कार्पेंटरची बॅट हवेत फिरली. बस चुकली ती चुकलीच.